संध्याकाळी सातनंतर पर्यटकाने करायचे काय? महोत्सव नको, रोजचा तासाभराचा खेळ द्या

प्रश्न थोडक्यात असा: मालवण-तारकर्लीकडे निवास-न्याहारी चालवणाऱ्यांच्या गटाला पंचायत समितीने विचारले आहे, की पर्यटकांच्या मनोरंजनासाठी शासनाकडे काय मागावे. पाहुणे दिवसभर किल्ला, स्कूबा, समुद्र करतात. अंधार पडला की खोलीत बसून मोबाईल पाहतात. तीन दिवसांचा मोठा महोत्सव मागायचा, की ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम, की आणखी काही?

महोत्सव मागू नका. तो डिसेंबरात भरतो, आणि त्या दिवसांत तुमच्या खोल्या तशाही भरलेल्या असतात. फेब्रुवारीतल्या मंगळवारी आलेल्या कुटुंबाला त्याचा काडीचा उपयोग नाही. पाहुण्याने दुसरी रात्र मुक्काम करावा असे वाटत असेल, तर त्याला आज संध्याकाळी काय आहे हे कळले पाहिजे, आणि ते उद्याही असणार याची तुम्हाला खात्री पाहिजे. शासनाने स्वतः खेळ करू नये. जागा द्यावी, परवानग्यांचा भार उचलावा, सुरुवातीची तूट भरावी आणि दर्जावर नजर ठेवावी. यापलीकडे शासन गेले की भाषणे, हारतुरे आणि पहिल्या दोन रिकाम्या रांगा सुरू होतात.

हे चालते याचा पुरावा उदयपूरला आहे. पिछोला तलावाकाठची बागोर की हवेली पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या ताब्यात आहे. तिथे रोज संध्याकाळी सात ते आठ ‘धरोहर’ नावाचा तिकीट लावलेला खेळ होतो: चरी, तेरहताली, भवाई हे राजस्थानी नाच आणि कठपुतळी. अंगण शासकीय, पण खेळ सरकारी खात्याचा नाही. तासाभरात संपतो आणि लोक जेवायला जातात. उदयपूरला जाऊन आलेल्या मराठी मंडळींना विचारा, अनेकांच्या तोंडी डोक्यावर मडक्यांची उतरंड घेतलेली बाई असते. याच केंद्राच्या सदस्य राज्यांत महाराष्ट्र आणि गोवाही आहेत, म्हणून तुमच्या प्रस्तावात या केंद्राचे नाव लिहायला हरकत नाही. दुसरा नमुना फोर्ट कोचीचा. तिथली खासगी कथकली केंद्रे पाच वाजता रंगभूषा सुरू करतात आणि लोकांना समोर बसून ती पाहू देतात; खेळ सहाला. रंगभूषा हा तिथे अर्धा कार्यक्रमच असतो, आणि त्याला वेगळा खर्च नाही.

अंदमानच्या सेल्युलर जेलचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रमही तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आवारातला जुना पिंपळ गोष्ट सांगतो. तो चालतो, कारण प्रेक्षक त्याच बेटावर मुक्कामाला असतो, जागा मोकळी आहे आणि गोष्ट त्याच भिंतींची आहे. तेच सिंधुदुर्ग किल्ल्यावर करा म्हणणारे खूप भेटतील. पण किल्ला पाण्यात आहे, रात्री दीडशे माणसे होडीने नेणे-आणणे हा अपघाताला आवताण देण्याचा प्रकार आहे. शिवाय किल्ला संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते. 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. आता तिथे खिळा मारणेही अवघड. ध्वनी-प्रकाश यंत्रणेचा दुसरा रोग देखभालीचा. उद्घाटनाला पैसा मिळतो, तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टर बंद पडला की मिळत नाही. खारी हवा, पावसाळा, उंदरांनी कुरतडलेल्या तारा. यंत्रणा घ्यायचीच असेल तर पाच वर्षांची देखभाल मूळ निविदेतच किमतीसह धरा, नंतर वेगळी मागू नका.

तुमच्याकडे यंत्रांपेक्षा मोठी गोष्ट आहे: दशावतार, इथले लोकनाट्य. पर्यटकाला तो दाखवायचा तर त्याची बांधणी बदलावी लागते, आणि इथेच बहुतेक प्रयोग फसतात.

जत्रेतला दशावतार, म्हणजे दहीकाला, रात्री अकरा-बाराला उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. त्याचा एक तास करायचा म्हणजे सुरुवातीचा एक तास दाखवायचा, असे नव्हे. तसे केले तर पाहुण्याला नुसते आडदशावतारातले, म्हणजे गणपती-संकासुराचे सुरुवातीचे प्रवेश दिसतात आणि आख्यान, म्हणजे मुख्य कथा, सुरू व्हायच्या आत तो उठतो. अशी वाटणी करून पाहा. पाऊण तास आधी रंगपट, म्हणजे नट तयार होतात ती खोली, उघडा. दशावतारी नट स्वतःची रंगभूषा स्वतः करतो, ती लोकांना जवळून पाहू द्या. सव्वासातला खेळ. दीड मिनिट सूत्रधार, मराठी आणि हिंदीत, फक्त एवढे सांगायला: हे कोण, आज कोणते आख्यान, आणि यात लिहिलेली संहिता नाही, संवाद नट जागेवर रचतो. ही शेवटची गोष्ट सांगितली नाही तर पाहुण्याला नाटकाची खरी करामत कळतच नाही. मग गणपती आणि ऋद्धी-सिद्धी आठ मिनिटे, संकासुर दहा मिनिटे. काळ्या वेषातला संकासुर मालवणीत प्रेक्षकांची फिरकी घेतो, लहान मुले इथेच जिंकली जातात. त्याला प्रेक्षकांत उतरू द्या. त्यानंतर आख्यानाचा एकच प्रसंग पंचवीस मिनिटे, त्यात एक पद, एक जुगलबंदी आणि शेवटी युद्ध. उरलेल्या दहा-बारा मिनिटांत नटांबरोबर फोटो आणि पखवाजावर हात मारून बघणे. साडेआठला माणूस तुमच्याकडे सोलकढीला हजर.

नटाला संहिता लिहून देऊ नका. उत्स्फूर्त संवादाची सवय असलेला माणूस पाठांतरात लाकूड होतो. त्याला फक्त वेळ द्या: पेटीवाल्याच्या समोर लहान दिवा ठेवा, हिरवा म्हणजे चालू दे, तांबडा म्हणजे दोन मिनिटांत युद्धावर या. पेटीवाल्याने स्वर बदलला की नटाला कळते, बाहेर कोणाला पत्ता लागत नाही. ट्रिकसीन, म्हणजे धूर, उडता राक्षस वगैरे, रोजच्या खेळात टाळा. एक दिवस धूरयंत्र बिघडले की प्रेक्षक त्यावरच बोलतो.

मालवणी ठेवायची की प्रमाण मराठी? देवादिकांची भाषा तशीही संस्कृताळलेली असते, ती ठेवा. मालवणी संकासुराच्या तोंडी ठेवा. हिंदीत दशावतार करायच्या फंदात पडू नका. गुजरात-कर्नाटकातल्या पाहुण्याला युद्ध आणि पद भाषेशिवाय कळते, आणि भाषांतरित संवाद कोणालाच गोड लागत नाहीत.

वेळापत्रकातली खरी अडचण ही की जत्रांचा हंगाम आणि पर्यटनाचा हंगाम एकाच वेळी येतो. कार्तिकापासून मंडळ्यांच्या रात्री भरलेल्या असतात, आणि जत्रेचा मान सोडून कोणी तुमच्या मंडपात येणार नाही, येऊही नये. सव्वाआठला मोकळा झालेला नट अकराला शेजारच्या गावच्या जत्रेत उभा राहू शकतो, हे कागदावर खरे. प्रत्यक्षात आठवडाभर असे केले की त्याचा आवाज बसतो. म्हणून नियम ठेवा: ज्या मंडळीची त्या रात्री जत्रा आहे तिचा खेळ लावायचा नाही. पाच-सहा मंडळ्यांची यादी हवी, आणि आठवड्यातून दोन दिवस दुसरे काही. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत सांगितलेली गोष्ट, आणि बाहुल्या जवळच आहेत. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. पण चित्रकथीचे चित्र साधारण फूटभराचे असते. ती दीडशे माणसांपुढे ठेवली की मागच्या रांगेला काही दिसत नाही आणि कला कंटाळवाणी ठरते. तिला चाळीस माणसे, छपराखालची खोली, जमिनीवर बैठक. चामड्याच्या बाहुल्यांना तर पूर्ण अंधार लागतो. आठवड्यात तीन दशावतार, एक चित्रकथी-बाहुल्या, एक फुगडी-भजनाचा, असे पाच खेळ पुरे. दोन दिवस सुट्टी असली तरी चालते. फक्त सुट्टीचे वार बदलू नका.

जागा. पुळणीवर मंच नको. सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, प्रश्न आहेच, पण त्याहून मोठे कारण कासव. ऑलिव्ह रिडले मादी थंडीत याच किनाऱ्यांवर अंडी घालते आणि पिल्ले उन्हाळ्यापर्यंत बाहेर पडतात. ती उजेडाकडे चालतात. तुमच्या दिव्यांमुळे ती समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतील. वायंगणीसारखी गावे कासवांवर पर्यटन उभे करत असताना शेजारच्या गावाने किनारा उजळवणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. किनाऱ्यापासून आत, वाडीच्या आडोशाला, ग्रामपंचायतीची किंवा शाळेची जागा पाहा. शाळा घेतलीत तर दोन गोष्टी: आवाजाच्या नियमांत शाळेभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र ठरू शकते, आणि परीक्षांच्या काळात जागा मिळणार नाही.

मांडणी 160 आसनांची पुरे. मोठी केली की निम्मी रिकामी दिसते आणि नट खचतो. मंच 24 बाय 18 फूट, उंची अडीच फूट, वर कौलारू किंवा पत्र्याचे छप्पर, तिन्ही बाजू उघड्या. दशावताराला लागते काय, तर मागे पडदा, मध्ये बाकडे आणि वादकांना बाजूची जागा. लोखंडी सांगाडा असेल तर जस्ताचा मुलामा दिलेलाच पाइप घ्या. साध्या रंगवलेल्या पाइपला खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंज धरतो. दिवे बारा-सोळा एलईडी पार (मंचावर झोत टाकणारे), पाणी-धूळ रोखणाऱ्या आवरणाचे. पुढच्या उजेडात पिवळसर छटा ठेवा. निळ्या-जांभळ्या उजेडात रंगभूषा मेलेली दिसते. आवाजासाठी नटांच्या अंगावर माइक नकोत, युद्धात ते तुटतात आणि घामाने बंद पडतात. मंचाच्या पुढच्या काठावर दोन-तीन टांगते माइक, पेटीला एक. पखवाज आणि झांजेला एकही नको. बहुतेक ठिकाणी शब्द ऐकू येत नाहीत त्याचे कारण कर्णा लहान आहे हे नसून झांज माइकजवळ आहे हे असते. वीज 10 किलोवॅटपर्यंत लागते. तात्पुरती जोडणी घेताना 30 मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच आणि नवीन अर्थिंग यावर तडजोड नको; ओल्या जमिनीवर अनवाणी नट नाचतात. जनरेटर प्रेक्षकांपासून किमान 40 मीटर दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

स्वच्छतागृहे हा मनोरंजनाचाच भाग माना. 160 माणसांना बायकांसाठी चार आणि पुरुषांसाठी दोन शौचालये व चार मुताऱ्या, आणि पाणी. रस्त्यापासून मंडपापर्यंतचे दिवे ग्रामपंचायतीने द्यायचे. कुटुंब पुन्हा यायचे की नाही, ते अनेकदा इथे ठरते.

आता परवानग्या. शासनाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वाटा हाच: हंगामभराची एकच परवानगी. दर खेळाला वेगळा अर्ज करावा लागला की खेळ चालवणारा चालक तिसऱ्या आठवड्यात थकतो. जिल्हाधिकाऱ्यांकडे एक बैठक मागा, आणि पोलीस, तहसील, वीज निरीक्षक, अग्निशमन, ग्रामपंचायत या सगळ्यांची कागदपत्रे ऑक्टोबरच्या आत, पूर्ण हंगामासाठी. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाजवता येत नाही. मध्यरात्रीपर्यंतची सूट राज्याला वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस देता येते. तुमचा खेळ सव्वाआठला संपतो, म्हणून या सवलतीसाठी कोणाच्या पाया पडावे लागत नाही. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, ती मात्र पाळा. स्पीकर मंचाकडून गावाकडे नको, गावाकडून मंचाकडे नको, खाली झुकवून प्रेक्षकांकडे. प्रवेशिका माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर नृत्य-नाट्याच्या प्रवेशावर जीएसटी नाही, आणि लोककलाकाराच्या मानधनालाही एका खेळाला दीड लाखापर्यंत माफी आहे. तरी हिशेब तपासनिसाला एकदा दाखवा. खेळाआधी सिनेगीते वाजवायची सवय असेल तर ती सोडा. ध्वनिमुद्रित गाण्यांचे परवाने वेगळे घ्यावे लागतात, आणि पखवाजाचा ठेका त्याहून चांगला.

पैशांचे गणित असे मांडा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे दर घालून पुन्हा करा. आठ नट आणि तीन वादक, प्रत्येकी 1,000 रुपये: 11,000. दिवे-ध्वनी आणि दारावरची चार माणसे, 700 प्रमाणे: 2,800. वीज, डिझेल, झाडलोट: 1,700. दुरुस्तीसाठी बाजूला: 1,000. एका खेळाचा खर्च 16,500. तिकीट 200 रुपये, त्यातले 20 जो तिकीट विकेल त्याला, म्हणजे हाती 180. बरोबरी 92 तिकिटांवर, 160 आसनांपैकी साधारण 58 टक्के. पहिल्या वर्षी सरासरी 50च तिकिटे गेली असे धरा: 9,000 हाती, 7,500 तूट. नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत 28 आठवडे, आठवड्याला पाच: 140 खेळ. सगळी तूट 10,50,000 रुपये. महोत्सवात एका नामवंत गायकाच्या एका रात्रीला अनेकदा याहून जास्त लागतात.

शासनाकडे मागायचे ते हे साडेदहा लाख, आणि तेही उतरत्या पायरीने: पहिल्या वर्षी पूर्ण तूट, दुसऱ्या वर्षी साठ टक्के, तिसऱ्या वर्षी तीस. मंच आणि स्वच्छतागृहांचा भांडवली खर्च वेगळा, तो एकदाच. तूट भरपाई खेळाला मिळावी, तिकिटाला नव्हे. तिकिटावर अनुदान दिले की फुकट्या पासांची रांग लागते. पास खेळाला दहाच, आणि ते कोणाला दिले हे दारावर लिहून लावा. कार्यक्रम फुकट ठेवू नका. फुकट खेळातून माणूस दहाव्या मिनिटाला उठतो, आणि फुकट म्हणजे हलके ही समजूत कलाकारालाही लागते. स्थानिकांना अर्धे तिकीट ठेवा.

विक्रेत्याचे 20 रुपये कापू नका. तिकीट खपते ते फलकाने नव्हे, रिक्षावाल्याने, होडीच्या धक्क्यावरच्या माणसाने आणि तुमच्यासारख्यांनी सकाळच्या आंबोळीबरोबर सांगितल्याने. तो सांगेल कधी? खेळ नक्की होतो याची त्याला खात्री असेल तेव्हा. म्हणून करारातले पहिले कलम: दहा तिकिटे गेली असली तरी खेळ होणार, आणि सव्वासातला होणार, मंत्री वाटेत असले तरी. पाहुणा एकदा बंद दारावरून परत आला की तुम्ही पुढचे पंधरा पाहुणे पाठवत नाही.

कलाकारांचे पैसे कुठे अडकतात, ते आधी समजून घ्या. नेहमीची वाट अशी: खाते निविदा काढते, सर्वांत कमी दराची कार्यक्रम संस्था निवडते, ती पुढे कोणाला तरी काम देते, तो मंडळीच्या मालकाला, मालक नटाला. प्रत्येक पायरीला थोडे गळते. बिल उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसे ठरल्या कामाला लागले या दाखल्यावर, थांबते, निधी मार्चअखेरीस येतो, नटाला पैसे पावसाळ्यात मिळतात. पुढच्या वर्षी चांगली मंडळी येत नाही, जी मोकळी असते ती येते, आणि मग लोक म्हणतात दशावतारात आता दम राहिला नाही. यावर उपाय कोरडे आहेत. निविदेत किमतीबरोबर दर्जाला गुण. दर्जाचे गुण कागदांवर नव्हे, वीस मिनिटांच्या प्रत्यक्ष खेळावर, आणि परीक्षकांत एक जुना दशावतारी, एक हॉटेलवाला, एक बाहेरगावचा. तिकिटांचा पैसा वेगळ्या खात्यात, त्यातून दर सोमवारी थेट नटाच्या बँक खात्यावर. तूट भरपाई तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ, हिशेब शेवटी. करार तीन वर्षांचा, म्हणजे चालक कपडेपटावर खर्च करायला धजावेल.

दर्जा तपासायला अधिकाऱ्याने पहिल्या रांगेत बसायचे नाही. तो बसला की सगळे छानच होते. महिन्यातून दोनदा तिकीट काढून जाणारा अनोळखी माणूस पाठवा, चार गोष्टींच्या कागदासह: वेळेवर सुरू झाला का, मागच्या रांगेत शब्द ऐकू आला का, बायकांवरच्या पाचकळ विनोदांनी कोणी अवघडले का, स्वच्छतागृहात पाणी होते का. आख्यान कोणते घ्यावे, देव कसा बोलावा यात शासनाने डोके घालू नये, ते मंडळीचे काम. तिसऱ्यांदा त्याच चुका दिसल्या की त्या मंडळीचे वार कमी करा, दंड नको; दंड शेवटी झांजवाल्याच्या पगारातून जातो.

गोव्यात मांडवी नदीतल्या बोटींसारखे का नको, असे कोणीतरी विचारेलच. तासाभराच्या फेरीत थोडा देखणी नाच, थोडी फुगडी, बाकी वेळ पाहुणेच नाचतात. ते वाईट नाही, पण त्यासाठी शासन लागत नाही, बाजार ते करतोच. कॅसिनोचे म्हणाल तर महाराष्ट्राने 1976 चा आपला कॅसिनो कायदा 2023 मध्ये रद्द केला, तो विषय संपला. शासनाचा पैसा तिथे लागतो जिथे कला आहे, प्रेक्षक आहे, पण पहिली दोन वर्षे मधली तूट सोसायला कोणी नाही.

पत्र पंचायत समितीमार्फत जिल्हा नियोजन समितीकडे आणि पर्यटन संचालनालयाकडे, दोन्हीकडे द्या, आणि दिवाळीच्या आत. पुढच्या वर्षाचा आराखडा थंडीतच आकार घेतो. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, हे पहिल्या ओळीत लिहा. सोबत तीन कागद जोडा: जागेचा ग्रामपंचायत ठराव, पाच मंडळ्यांची लेखी संमती त्यांच्या जत्रांच्या तारखांसह, आणि वरचे गणित तुमच्या दरांनी. मंजुरीची वाट पाहताना जानेवारीत दोन शनिवार स्वतःच्या खर्चाने खेळ करून पाहा, 40 खुर्च्या आणि दोन टांगते माइक एवढ्यावर. किती तिकिटे गेली, कोण अर्ध्यात उठले आणि कितव्या मिनिटाला उठले, ते लिहून ठेवा आणि चौथा कागद म्हणून तो जोडा.